उजव्या हाताची जागा

खरं आहे. आधीच सांगून ठेवते, कारण या पानावर प्रत्येक अनुभवाखाली कुणीतरी "छान कल्पना आहे" असं लिहून जातं. कल्पना असती तर मी तिला बरा शेवट दिला असता.

हे माझ्या घरात घडलं. रात्री नाही. वीज गेली नव्हती, कुत्री रडत नव्हती. मंगळवार होता, दुपारचे पावणेतीन वाजले होते, मशीनमध्ये लंगोट फिरत होते आणि खिडकीतून इतकं लख्ख ऊन येत होतं की पियानोवरची धूळ मोजता आली असती.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. मी, नवरा आणि आमची तेव्हा सात महिन्यांची असलेली लेक. तिला आम्ही बोका म्हणतो. मुलगी असून बोका, कारण जन्मली तेव्हाच गाल खांद्यावर टेकले होते.

लग्नाआधी पाच वर्षं मी एका हॉटेलच्या लॉबीत संध्याकाळी पियानो वाजवायचे. लोक चहा प्यायचे, मी ब्लूज वाजवायचे. समोर कागद नाही, पाठांतर नाही, त्या क्षणाला सुचेल ते. माझ्याआधी तिथे वाजवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांनी मला शिकवलं.

ते सांगायचे, "पोरी, डावा हात म्हणजे रस्ता. तो थांबवायचा नाही. उजवा हात म्हणजे त्या रस्त्यानं जाणारा माणूस. त्यानं आधी विचारायचं, मग स्वतःच उत्तर द्यायचं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार ठोक्यांचा एक बार. बारा बारचा एक फेरा. दोन बार प्रश्न, दोन बार उत्तर, असं तीनदा. शेवटचं वळण असं असतं की ते तुम्हाला परत पहिल्या बारपाशी आणून सोडतं. म्हणजे ब्लूज आपोआप संपत नाही. कुणीतरी मुद्दाम संपवावा लागतो.

आणि मास्तरांची एक अट होती.

"उत्तराची जागा मोकळी सोडायची नाही. एकटी असशील तेव्हा तर मुळीच नाही."

"का?"

"मोकळी जागा दिसली की कुणीही येऊन बसतं."

मी हसले होते. मला वाटलं, लॉबीतल्या खुर्च्यांबद्दल बोलतायत.

लग्नानंतर मी एक जुना पियानो घेतला. कुणाचा, कुठला, विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. सूर लावायला ट्यूनर आला, त्यानं पुढची फळी काढून आत टॉर्च मारला आणि तारांवर पडणाऱ्या हातोड्यांवरून एकेक करत बोट फिरवलं.

"ताई, हा अर्धाच वाजवलाय."

"म्हणजे?"

"हे बघा. उजवीकडच्या हातोड्यांना खोल खाचा पडल्यात. वर्षानुवर्षं ठोकल्यात. आणि डावीकडच्या... कारखान्यातून काल आल्यासारख्या. इकडे कुणी बोटच लावलेलं नाही." मग स्वतःच हसला. "नवराबायकोत वाटणी झाली असेल. अर्धा तुझा, अर्धा माझा. आणि डावीकडचा सोडून गेला!"

मीही हसले. बिस्किटं दिली, चहा दिला.

पुढे बोका झाली.

बोका फक्त माझ्या उजव्या खांद्यावर झोपायची. खाली ठेवली की भोंगा. डाव्या खांद्यावर घेतली की भोंगा. म्हणजे माझा उजवा हात सरकारजमा. आई झालेल्या कुणालाही विचारा, एका हातानं काय काय जमतं ते. मी एका हातानं अंडं फोडते, एका हातानं केस बांधते. मग एका हातानं पियानो का नाही?

तर दुपारी तिला खांद्यावर घ्यायची, बाकावर बसायची आणि डाव्या हातानं रस्ता चालू ठेवायची. डुगडुग, डुगडुग, खालच्या सुरांत. त्या घुमणाऱ्या आवाजानं ती दोन मिनिटांत झोपायची.

उजव्या हाताची जागा... मोकळी.

मला मास्तर आठवले नाहीत. सात महिने सलग तीन तास न झोपलेल्या बाईला काही आठवत नाही.

तर तो मंगळवार.

दुसरा बार संपला आणि माझ्या पाठीवर बोटं पडली.

टक्... टकटक्.

बोकाचा हात माझ्या मानेवरून मागे पाठीवर लोंबायचा. मला वाटलं, झोपेत थापटतेय. किती गोड! आईला थापटणारं बाळ. नवऱ्याला संध्याकाळी कौतुकानं सांगितलं. तो म्हणाला, "चला, म्हणजे आता तुलाही झोपवायला कुणीतरी आहे."

बुधवारी पुन्हा.

गुरुवारी मी नीट लक्ष दिलं. मी अशीच आहे. दूध किती वाजता, शी कसली, ताप किती, सगळं वहीत लिहिणारी.

बोटं माझ्या पहिल्या दोन बारमध्ये गप्प असायची.

पुढच्या दोन बारमध्ये पडायची.

नेमकी तिथेच.

फेऱ्यामागून फेरे मी वाजवत राहिले. एकदाही चूक नाही. आणि ते थापटणं नव्हतंच. एक बोट दुसऱ्याच्या किंचित आधी घसरत यायचं. काळ्या पट्टीवरून पांढरीवर घसरावं तसं. पाच वर्षं मी तेच करत होते, मला ते डोळे मिटून कळतं. पाठीच्या कातडीवर मला चाल ऐकू येत होती.

उत्तर होतं ते. आणि खरं सांगू? माझ्यापेक्षा चांगलं होतं.

मग एक साधी गोष्ट डोक्यात आली.

सात महिन्यांच्या बाळाला बोटं अशी एकेक करून हलवता येत नाहीत.

मी हात थांबवला नाही. का, ते विचारू नका. मी फक्त मान वर केली. पियानोची पुढची फळी काळी, चकचकीत आहे. तीत आम्ही दोघी दिसत होतो.

बोका गाढ झोपली होती. डावा हात माझ्या दंडावर. उजवा हात...

हनुवटीखाली. मूठ मिटलेली.

आणि माझ्या पाठीवर... टक्... टकटक्... टक्.

मी किंचाळले नाही. झोपलेलं बाळ खांद्यावर असताना आई किंचाळत नाही. उठले, स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीला पाठ घट्ट लावून नवरा येईपर्यंत उभी राहिले. साडेतीन तास.

तो म्हणाला, "तू दमलीयेस."

"दमलेय. पण वेडी नाहीये."

"वेडी म्हणालो का मी? स्नायू उडतात असे. माझा डोळा नाही फडफडत?"

"तुझा डोळा तालात फडफडतो का?"

चांगला माणूस आहे, पण त्याला टेबलावर ठेवून दाखवता येईल तेवढंच खरं वाटतं.

टेबलावर ठेवण्यासारखं रविवारी सापडलं.

बोकासमोर खुळखुळा धरला. तिनं डावा हात पुढे केला. मी खुळखुळा उजवीकडे नेला. तिनं डावा हातच आडवा टाकून घेतला. वाटी, चमचा, माझं नाक, सगळं डाव्यानं. उजवा हात मांडीवर पडून होता. ओल्या मोज्यासारखा.

मी वही मागे चाळली. आदल्या रविवारी मी लिहिलं होतं, "दोन्ही हातांनी वाटी ओढली, भात सांडला."

डॉक्टरबाईंनी तपासलं. हात वर केला, सोडला. पुन्हा वर केला, सोडला. त्यांचं हसू कमी झालेलं मी पाहिलं.

"एवढ्या लहान वयात मूल एकच हात वापरत नाही. कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"इतकं नेमकं?"

मी वही पुढे केली.

"आठवडाभर बघू. नाही सुधारलं तर मोठ्या तपासण्या कराव्या लागतील. घाबरू नका."

घाबरू नका म्हटल्यावर माणूस आणखी काय करतो?

मी पियानोला कुलूप लावलं. किल्ली डाळीच्या डब्यात पुरली. वाटलं, बास. रस्ताच बंद केला, आता कोण चालणार?

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला मी कुशीवर पडून बोकाला पाजत होते. बोका पुढे, माझ्या छातीशी. पाठीमागे नुसती रिकामी गादी.

टक्.

टक्. टक्. टक्.

आता उत्तर नव्हतं ते. एकच बोट, एकाच जागी. दुकानाच्या काउंटरवर गिऱ्हाईक नाणं आपटतं तसं.

चल. सुरू कर.

आणि पाजताना नेहमी माझा कुर्ता मुठीत धरणारा बोकाचा उजवा हात उघडा पडला होता. मी त्याच्या तळव्यावर बोट टेकवलं. कुठलंही बाळ बोट धरतं.

तिनं धरलं नाही.

तेव्हा मी नवऱ्याच्या आईला फोन केला. स्वतःच्या आईला नाही, कारण ती रडली असती. सासूबाई रडत नाहीत. तीस वर्षं त्यांनी शिवणाचे क्लास चालवले. आजही टेप गळ्यात घालूनच वावरतात, आणि कुणाशीही बोलताना आधी त्याचे खांदे नजरेनं मापतात. आमचं फार गुळपीठ नव्हतं. पियानोला त्या "ती पेटी" म्हणायच्या.

संध्याकाळी आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, मग म्हणाल्या, "मागे वळ. कुर्ता वर कर."

मी वळले, कुर्ता वर केला.

"आई?"

"हलू नकोस."

टेपचं थंड टोक पाठीला लागलं.

"पाच ठिपके आहेत. लाल. अंगठा इथे, करंगळी इथे." त्यांनी आपला पंजा पसरून ठेवला. माझ्या सासूबाईंचा हात परातीएवढा आहे. "माझा पुरत नाही. सव्वाआठ इंच. एवढा पंजा बाईमाणसाचा नसतो. आणि पोरीचा तर नाहीच नाही."

मी किल्ली काढली, टेप घेतली आणि पियानोच्या पट्ट्यांवर लावली. सव्वाआठ इंच म्हणजे पहिल्या पट्टीच्या मधोमधपासून दहावीच्या मधोमधपर्यंत, वाजवणाऱ्यानं पंजा ताणून गाठलेल्या दहा पांढऱ्या पट्ट्या. बरोबर दहा, एक सूतही इकडे तिकडे नाही.

नवरा दारात उभा होता. त्यानं टेप स्वतः पुन्हा लावून पाहिली. टेबलावर ठेवल्यासारखं होतं ना.

शेवटी म्हणाला, "उद्याच विकून टाकू."

मीही तेच म्हणणार होते. पण सासूबाई त्याच्यावर खेकसल्या.

"विकून टाकू म्हणे! गिऱ्हाइकाचं कापड आपल्या कपाटात असताना कुणी दुकान विकतं का? पोरीचा हात तिकडे अडकलाय. आधी तो परत घ्यायचा, मग तुझी पेटी जाळ नाहीतर विक." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गं, तुझ्या त्या मास्तरांनी काय सांगितलं होतं?"

"जागा मोकळी सोडू नकोस."

"मग सोडलीस कशाला?"

"उजव्या हातात बोका होती ना!"

"आता मी आहे ना," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी, पावणेतीन.

खिडक्या उघड्या, पडदे सरकवलेले. मला लपवाछपवी नको होती. बोकाला मी पहिल्यांदाच खांद्यावर न घेता मांडीवर बसवलं, तोंड पियानोकडे करून. सासूबाई माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि दोन्ही तळवे माझ्या पाठीवर घट्ट दाबले.

"पाठ माझ्याकडे. तू वाजव."

मी डाव्या हातानं रस्ता सुरू केला. आणि बोका झाल्यापासून पहिल्यांदा उजवा हात पट्ट्यांवर ठेवला.

विचारलं. दोन बार.

उत्तर मीच दिलं. दोन बार.

काहीच झालं नाही.

दुसरा फेरा. तिसरा. बोटं गंजलेली होती, पण चालत होती. चौथ्या फेऱ्यात सासूबाईंनी मागून तळवे आणखी घट्ट दाबले.

"आलं."

"कुठे?"

"माझ्या हातांवर. तू थांबू नकोस. थापटू दे. तीस वर्षं सुया टोचून घेतल्यात, माझी कातडी जाड आहे."

मी थांबले नाही. घाबरले होते का? घाबरले होते. पण त्या दिवशी भीतीपेक्षा राग मोठा होता. माझ्या घरात, माझ्या दुपारी, माझ्याच डाव्या हातावर बसून माझ्या लेकीचा हात घेणारा तू कोण? मी असं मनात नाही म्हटलं, मोठ्यानं म्हटलं. शिव्याही दिल्या. हॉटेलच्या स्वयंपाकघरात पाच वर्षं जेवले आहे, शिव्यांना तोटा नाही. सासूबाई मागून म्हणाल्या, "अजून एक घाल."

प्रत्येक जागा मी भरली. तो थापटायच्या आत माझं उत्तर पडलेलं असायचं. त्याचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं असेल. असू दे. वेडंवाकडं असलं तरी माझं होतं.

पण संपवता येईना.

फेऱ्याच्या शेवटी मी दोनदा संपवायला गेले आणि दोन्ही वेळा हात आपोआप वळण घेऊन पहिल्या बारवर आला. सासूबाई म्हणाल्या, "शेवट आला की जोरात दाबतोय. हात मोडतील माझे." पंचवीस फेरे. सव्वीस. मनगट जळत होतं. त्याला घाई नव्हती. त्याला फक्त एक जागा हवी होती.

एकतिसाव्या फेऱ्यात माझ्या उजव्या हातात पेटका आला.

प्रश्न विचारून झाला होता. बोटं आखडली. डावा हात चालू... डुगडुग... डुगडुग...

जागा मोकळी.

मागे सासूबाई ओरडल्या, "सोडला! त्यानं माझे हात सोडले... कुठे गेला?"

पियानोच्या उजव्या टोकाच्या पट्ट्या... चार पांढऱ्या... हळूहळू खाली जाऊ लागल्या. आवाज न करता. कुणीतरी हात टेकवतं तशा.

आणि धप्प!

बोकानं मूठ आपटली.

उजवी.

तीन पांढऱ्या आणि एक काळी, एकदम. इतका भयाण बेसूर मी आयुष्यात ऐकला नव्हता. नेमका उत्तराच्या जागी. तिला तो फार आवडला असावा, कारण तिनं पुन्हा आपटली. धप्प! आणि खिदळली.

टोकाच्या पट्ट्या वर आल्या.

मी आखडलेल्या हाताच्या कोपरानं वरचा सूर दाबला, डाव्यानं शेवटचा, आणि पाय पेडलवर तसाच ठेवला. मास्तर सांगायचे तसा. दार लावून घ्यावं तसा.

आवाज विरत गेला. वळण आलं नाही.

मशीन थांबलेलं होतं. रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. सासूबाई बाकाच्या कडेवर बसल्या. त्यांच्या दोन्ही हातांच्या मागच्या बाजूंवर लाल ठिपके उठले होते. बोकानं उजवा हात लांब केला आणि त्यांचा चष्मा ओढला.

त्या चष्मा सोडवायच्याऐवजी रडायला लागल्या. मी म्हटलं होतं ना, त्या रडत नाहीत म्हणून? चुकलं माझं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "कधीकधी होतं असं, आपोआप सुटतं." नवरा म्हणाला, "बघ, सुटलं." पण तो त्या रात्री किती वेळ तिची मूठ उघडत आणि मिटत बसला होता, ते मी पाहिलं होतं.

पियानो विकला नाही. हो, माहीत आहे, तुम्ही खाली लिहिणार आहात की विकायला हवा होता. सासूबाईंनीही दोनदा गिऱ्हाईक आणलं. पण विकला की तो कुणाच्या तरी घरी जाणार. तिथेही एखाद्या आईचा एकच हात मोकळा असेल. तिला कोण सांगणार? इथे मला माहीत आहे. मी रोज वाजवते. दोन्ही हातांनी. एकही जागा सोडत नाही, आणि उठण्याआधी शेवट करते.

तो कोण होता, डावा हात का शोधत होता, मला माहीत नाही. ट्यूनरचा फोन आता लागत नाही. मास्तर त्याआधीच गेले होते.

बोका आता पाच वर्षांची आहे. मागच्या मंगळवारी मी कपडे वाळत घालत होते आणि आतून आवाज आला.

डुगडुग. डुगडुग.

तिला हे मी शिकवलेलं नाही.

आत आले. ती बाकावर बसली होती. मधोमध नाही... अगदी डाव्या टोकाला. शेजारी कुणालातरी जागा करून दिल्यासारखी. डावा हात पट्ट्यांवर. उजवा मांडीवर.

मी हातातला ओला टॉवेल खाली टाकला, गेले आणि तिच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेत बसले.

बाक... गरम होता.

उठले नाही. आणखी सरकून बसले, पसरून, दोन माणसांची जागा घेऊन. बोकाचा उजवा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला. त्याच्यावर माझा ठेवला.

"विचार," मी तिला म्हटलं. "उत्तर आपण दोघी देऊ."

तेव्हापासून रोज पावणेतीनला मी आधी जाऊन त्या जागेवर बसते.

आजही बसले होते. गरमच होती.